सत्तरीनंतरचा आरोग्य विमा: सरकारी कार्ड मिळालं म्हणून जुनी पॉलिसी सोडायची का?

कृष्णाकाठ

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात विम्याच्या कागदपत्रांचं काम मी बघते. अर्ज भरून देणं, नाकारलेल्या क्लेमच्या पत्रांना उत्तरं लिहिणं, कार्ड काढायला सोबत जाणं. सध्या जो तो एकच विचारतोय: "पाच लाखांचं आयुष्मान कार्ड मिळालं, आता खाजगी पॉलिसीचा हप्ता कशाला भरायचा?" काहींनी तर हप्ता थांबवलाही आहे. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगते. हप्ता भरणं अगदीच अशक्य झालं नसेल, तर जुनी पॉलिसी सोडू नका.

गेल्या दोन-अडीच वर्षांत नियम खूप बदलले आणि बरेच बदल चांगले आहेत. १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, पासष्टीची जुनी मर्यादा काढली. त्याआधी कंपन्यांवर पासष्ट वर्षांपर्यंतच नवी पॉलिसी उपलब्ध ठेवायचं बंधन होतं, पुढचं त्यांच्या मर्जीवर. आधीपासून असलेल्या आजारांसाठी थांबायचा काळ, म्हणजे त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो सुरुवातीचा काळ, जास्तीत जास्त चार वर्षं होता, तो तीन वर्षांवर आला. सलग आठ वर्षं पॉलिसी चालवल्यानंतर कंपनीला "तुम्ही अमुक आजार लपवला होता" असं म्हणत क्लेम नाकारता येत नसे, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. ती आठ वर्षं आता पाच झाली. मग २९ ऑक्टोबर २०२४ ला आयुष्मान भारतमध्ये सत्तरीपुढच्या सगळ्यांना घेतलं, उत्पन्नाची अट न ठेवता. तेच हे वय वंदना कार्ड. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाची मिळून एक) पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला.

हे सगळं वाचून वाटतं, आता काळजी मिटली. पण यातल्या बहुतेक सुधारणांनी बाहेर उभ्या असलेल्या माणसासाठी दार उघडलं. जो पंधरा-वीस वर्षं आत आहे आणि आता अठ्ठ्याहत्तरीत हप्त्याने दमलाय, त्याला आत टिकवून धरायची सोय त्या मानाने फार थोडी आहे. त्याने एकदा पॉलिसी सोडली की त्याचा सलगपणा संपतो. तीन वर्षांचा थांबा काढून झालेला असतो, पाच वर्षांचं संरक्षण मिळालेलं असतं, ते सगळं जातं. पुन्हा घ्यायला गेला तर नवा अर्ज, नव्या तपासण्या. वयाची अट गेली म्हणून कंपनीने प्रत्येक अर्ज स्वीकारलाच पाहिजे असं नाही. मधुमेह, बायपास आणि ऐंशीच्या आसपासचं वय असलेल्या माणसाला कंपनी आजही नाही म्हणू शकते. चालू पॉलिसीचं नूतनीकरण मात्र "तुम्ही मागच्या वर्षी क्लेम घेतलात" या कारणासाठी नाकारता येत नाही. आत असलेल्याचा हा हक्क फार मोलाचा आहे.

आता कार्डाबद्दल. ते जरूर काढा, काल काढलं नसेल तर आज काढा. पण त्यात काय बसतं ते समजून घ्या. रुग्णालयात दाखल होऊन घेतलेले उपचार, दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी आल्यावर १५ दिवसांची औषधं. रोजची बीपी-साखरेची औषधं, डॉक्टरांची तपासणी फी, बाहेरून केलेल्या चाचण्या यात नाहीत. पाच लाख माणशी नाहीत. घरात सत्तरीपुढचे नवरा-बायको दोघं असतील तर दोघांत मिळून वर्षाला पाच लाख. कार्ड चालतं ते योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांतच, आणि पुण्या-मुंबईतली बरीच मोठी खाजगी रुग्णालयं योजनेचे दर परवडत नाहीत म्हणून बाहेर आहेत. ज्या डॉक्टरांकडे तुमची दहा वर्षांची फाईल आहे ते यादीत आहेत का, हे आधी बघा.

दुसरीकडे, कार्डाला थांब्याचा काळ नाही, आधीचा आजार विचारत नाहीत आणि खाजगी पॉलिसी असली तरी ते मिळतं. दोन्ही ठेवता येतात, मग एक सोडायची घाई का?

हप्त्याबद्दलचं माझं म्हणणं पुढे लिहीन. आधी तुमचे अनुभव सांगा.

निवृत्त_मास्तर

ताई, धागा वेळेवर काढलात. आमच्या तालुक्यात कार्डाच्या शिबिरांना गर्दी होते, पण निम्मी माणसं दोन कारणांनी परत जातात. एक, बोटांचे ठसे उमटत नाहीत. शेतात आयुष्य गेलेल्या माणसाच्या बोटांवर रेषा राहतात कुठे? अशा वेळी केंद्रावर चेहऱ्याने किंवा डोळ्यांच्या बुबुळाने ओळख पटवायला सांगावं. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीनेही होतं. "ठसा नाही तर कार्ड नाही" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

दुसरं कारण वय. आमच्या पिढीच्या जन्मतारखा शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेल्या, बऱ्याच जणांची १ जून. काहींच्या आधारवर तर अंदाजाने टाकलेलं १ जानेवारी आणि वर्ष तीन-चारने पुढचं. माणूस खरा त्र्याहत्तरचा, आधारप्रमाणे एकोणसत्तरचा. योजना आधारवरचंच वय धरते. शाळा सोडल्याचा दाखला, पेन्शनचे कागद जे असेल ते घेऊन आधी आधार दुरुस्त करून घ्यावा. आजारी पडल्यावर हे काम होत नाही.

टीपीए_डेस्क

एका रुग्णालयाच्या विमा विभागात काम करते, म्हणून थोडं आतलं लिहिते. विषय खाजगी पॉलिसीचा आहे.

नियामकाच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या (बिल कंपनीने थेट रुग्णालयाला द्यायचं, त्या सोयीच्या) विनंतीवर कंपनीने १ तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी ३ तासांत. उशीर झाला आणि त्यामुळे रुग्णालयाने जादा दिवसाचे पैसे लावले तर तो भार कंपनीने उचलायचा, तोही भागधारकांच्या पैशातून. हे नातेवाइकांना माहीत नसतं. डिस्चार्जची फाईल किती वाजता पाठवली ते आमच्यासारख्यांना विचारून कागदावर लिहून ठेवा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर ती वेळच कामी येते.

दुसरं, कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला नव्हे. म्हातारी माणसं हे पत्र बघून खचतात. पैसे भरून उपचार घेता येतात आणि नंतर सगळी मूळ बिलं, डिस्चार्ज समरी, रिपोर्ट जोडून परतफेडीचा क्लेम टाकता येतो. क्लेम पूर्ण नाकारायचा असेल तर कंपनीच्या क्लेम आढावा समितीची मंजुरी लागते, आणि पत्रात पॉलिसीतल्या कुठल्या अटीमुळे नाकारला ते लिहावं लागतं. मोघम पत्र आलं तर अट लेखी मागा.

तिसरं, खोली. जुन्या पॉलिसींत खोलीभाड्याला विमा रकमेच्या १ टक्क्याची मर्यादा असते. ३ लाखांची पॉलिसी म्हणजे दिवसाला ३,००० ची खोली. तुम्ही ६,००० ची घेतली तर फक्त खोलीचा फरक पडत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचे पैसे हेही त्याच प्रमाणात निम्मे धरले जातात. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कपात लावायची नाही असा नियम आहे, तरीही काही वेळा लावलेली दिसते. हिशेबाचा कागद ओळ न् ओळ वाचा.

मुलं प्रेमापोटी आईला डिलक्स खोली घेऊन देतात आणि शेवटी बिल बघून काउंटरवर रडतात. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता दाखल करतानाच मी पॉलिसी मागून घेते आणि खोलीची मर्यादा मोठ्या अक्षरात लिहून देते.

रानजाई

कृष्णाकाठताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण "सोडू नका" म्हणणं पेन्शनवाल्यांसाठी आहे. माझे वडील एका खाजगी कारखान्यातून निवृत्त झाले. ईपीएसची, म्हणजे पीएफच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, पेन्शन महिन्याला दोन हजारांच्याही आत. आई-वडिलांची मिळून पॉलिसी मी आणि भाऊ भरतो. वयोगट बदलला की हप्त्यात उडी, कंपनीने दर बदलले की वेगळी उडी. मागच्या वेळी आलेला आकडा बघून वडील दोन दिवस नीट जेवले नाहीत. "माझ्यापायी पोरांच्या शाळेच्या फीला हात लावू नका" म्हणाले.

नूतनीकरण नाकारता येत नाही हे खरं. पण हप्ता इतका वाढवायचा की माणसाने आपणहून सोडावं, हे नाकारण्यापेक्षा वेगळं कसं?

कृष्णाकाठ

रानजाई, वेगळं नाही. तुम्ही बोट ठेवलंत तिथेच सगळ्यात मोठी उणीव आहे.

नियामकाने ३० जानेवारी २०२५ ला आदेश काढला: साठीपुढच्या ग्राहकांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी नियामकाशी सल्लामसलत करायची. ज्येष्ठांच्या पॉलिसी बाजारातून काढून घ्यायच्या असतील तरी तेच. त्याआधीच्या एकेका वर्षातल्या भयंकर वाढी पाहता हे पाऊल गरजेचं होतं, मी त्याचं स्वागतच करते. पण दरवर्षी १० टक्के हीसुद्धा लहान वाढ नव्हे. आजचा ४०,००० चा हप्ता त्या गतीने दहा वर्षांत लाखाच्या वर जातो. पेन्शन तशी वाढत नाही, आणि ईपीएसची तर वर्षानुवर्षं आहे तिथेच आहे.

तुमच्यासाठी आज करता येण्यासारखं सांगते. सोडण्याआधी विमा रक्कम कमी करून मागा. दोघं सत्तरीपुढचे असतील आणि वय वंदना कार्ड काढलंत तर दोघांत मिळून पाच लाखांचा एक आधार आहेच, मग खाजगी पॉलिसी १० लाखांवरून ५ वर किंवा ३ वर आणली तरी सलगपणा टिकतो. काही पॉलिसींत ठराविक रकमेपर्यंतचा खर्च आपण करायचा अशी सोय घेतली की हप्ता बराच उतरतो. त्याच कंपनीच्या दुसऱ्या स्वस्त पॉलिसीत स्थलांतर मागता येतं, तिथेही आधीची वर्षं धरली जातात. कंपनी बदलायची म्हणजे पोर्ट करायचं असेल तर नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी हालचाल करा आणि नव्या कंपनीचा होकार लेखी येईपर्यंत जुनी चालू ठेवा, कारण पोर्टला नवी कंपनी नकार देऊ शकते.

वडील अजून सत्तरीचे नसतील तर राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. पूर्वी ती पिवळ्या-केशरी शिधापत्रिकांपुरती आणि दीड लाखांची होती. आता सगळ्या शिधापत्रिकांना खुली आहे आणि रक्कम ५ लाख. दूरध्वनी १५५३८८. यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, दाखल व्हायच्या आधी त्याला भेटा.

जुना_वाचक

थोडा इतिहास. २००७ साली विम्याचे ठरवून दिलेले दर उठले, हप्ते वाढले आणि ज्येष्ठांच्या तक्रारींचा पूर आला. नियामकाने तेव्हा शास्त्री समिती नेमली ती खास ज्येष्ठांच्या आरोग्य विम्यासाठीच. पॉलिसी एका कंपनीतून दुसरीत नेण्याची सोय ऑक्टोबर २०११ पासून आली. आयुष्यभर नूतनीकरणाचं बंधन २०१३ च्या नियमांत आलं. त्याआधी ऐंशीला वगैरे पॉलिसी संपायची, आणि माणसाला ती नेमकी तेव्हाच हवी असायची.

यातली एकही गोष्ट आपोआप आली नाही. ग्राहक संघटनांनी, कोर्टात गेलेल्या ज्येष्ठांनी, पत्रं लिहिणाऱ्या माणसांनी ती ओढून आणली. म्हणून रानजाईताईंचा प्रश्न इथे न थांबवता पुढे पाठवावा.

पैलतीर

न्यू जर्सीहून. इकडच्या एका गोष्टीची माहिती द्यावीशी वाटली. २०१० च्या ओबामांच्या आरोग्य कायद्याने, ज्याचे बाजारातले मुख्य नियम २०१४ पासून लागू झाले, वैयक्तिक विम्यात म्हाताऱ्या प्रौढाचा हप्ता तरुण प्रौढाच्या तिपटीपेक्षा जास्त असता कामा नये असं बंधन घातलं. आधीच्या आजारावरून नाकारणंही बंद केलं. पासष्टीनंतर मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी विमा, आहेच, पण त्याआधीच्या पन्नाशी-साठीतल्या लोकांसाठी हा तिपटीचा नियम मोठा आधार आहे. भारतात असं वयाचं गुणोत्तर ठरवून दिलेलं नाही. १० टक्क्यांचा आदेश वर्षाची वाढ बघतो; मुळात वृद्धाचा हप्ता तरुणाच्या किती पट असावा हे कुणी बघत नाही.

आणि इथल्या मराठी मुलांना कळकळीने सांगतो. आई-बाबांचं ग्रीन कार्ड झालं म्हणून त्यांची भारतातली पॉलिसी बंद करू नका. पासष्टीपुढच्या ग्रीन कार्डधारकाला मेडिकेअर घ्यायला सलग पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. तोवर बाजारातून विमा घ्यावा लागतो, आणि त्यावरची वाढीव सरकारी सवलत २०२५ अखेर संपली, त्यामुळे अनेकांचे हप्ते चढलेत. शिवाय मेडिकेअर अमेरिकेबाहेरच्या उपचारांना जवळजवळ कधीच पैसे देत नाही. आई-बाबा हिवाळ्यात पुण्याला जातात, तिथेच पडझड होते. तेव्हा भारतातली जुनी पॉलिसीच उभी राहते.

मांडवी

गोंयच्या वाचकांसाठी: आमच्याकडे २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. किमान पाच वर्षं गोव्यात राहणाऱ्यांना, उत्पन्न न बघता. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. मुलं मुंबईला किंवा आखातात आणि घरात फक्त दोघं म्हातारी, असं घर अडीच लाखांतच बसतं. म्हणून सत्तरी झालेल्यांनी वय वंदना कार्डही काढून ठेवावं. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) उपचार होतातच, पण तिथली गर्दी बघता दोन्ही कार्डं हाताशी असलेली बरी.

वसुंधरा_६१

यजमान पुढच्या वर्षी निवृत्त होतील. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपेल. आमची स्वतःची पॉलिसी नाही. आत्ता घ्यावी की निवृत्तीनंतर?

टीपीए_डेस्क

आत्ता, वसुंधराताई. दोन वाटा आहेत. आजच वैयक्तिक पॉलिसी घ्या म्हणजे थांब्याचा काळ कंपनीच्या विम्याच्या सावलीत सरेल. किंवा निवृत्त व्हायच्या आधी, गट विमा ज्या कंपनीचा आहे तिच्याचकडे वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतराचा अर्ज करा. गट विम्यातली वर्षं धरली जातात. नोकरी सुटून विमा संपल्यावर गेलात तर हे अवघड होतं. कंपनीच्या एचआरकडून किती वर्षं विमा होता त्याचं पत्र घेऊन ठेवा. आणि अर्जात बीपी, थायरॉइड, जुनं ऑपरेशन सगळं लिहा, एजंट "नको" म्हणाला तरी. पुढचे नाकारलेले क्लेम तिथून सुरू होतात.

अजून एक. जीएसटीची सूट वैयक्तिक पॉलिसीला आहे, गट पॉलिसीला नाही. बँकांचे निवृत्त कर्मचारी गट पॉलिसीचा हप्ता स्वतःच्या खिशातून भरतात. सत्तर वर्षांचा माणूस स्वतःचे पैसे भरतो तेव्हा पॉलिसी गट आहे की वैयक्तिक, याने त्याच्या म्हातारपणात काय फरक पडतो? ही सूट त्यांनाही मिळाली पाहिजे.

निवृत्त_मास्तर

साठ ते सत्तरमधल्यांचं काय, हा प्रश्न राहतोच. पोस्टमन, एसटीचे चालक, अंगणवाडीतल्या बाया साठीच्या आसपास घरी बसतात. सत्तरीपर्यंतची दहा वर्षं गुडघे, डोळे, हृदय याच काळात बोलायला लागतं. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने वय ७० वरून ६० करावं अशी शिफारस केली आहे. त्यासाठी खासदारांना लिहिलं पाहिजे.

कृष्णाकाठ

आमच्या संघाच्या वतीने नियामकाला आणि आमच्या खासदारांना पत्र जाणार आहे. तीन गोष्टी मागतोय, या धाग्यावरचं बोलणं त्यात घेतलं आहे.

पंधरा-वीस वर्षं सलग हप्ता भरणाऱ्या ज्येष्ठासाठी वाढीची मर्यादा १० टक्क्यांपेक्षा खाली आणा, आणि वयोगट बदलल्याची वाढ व दरबदलाची वाढ मिळून एकच मर्यादा लावा. माणूस तरुणपणी क्लेम न करता भरत आला, त्याचा उपयोग त्याला म्हातारपणी व्हायला नको का? दुसरं, गट पॉलिसी स्वतः भरणाऱ्या निवृत्तांना जीएसटीची सूट. तिसरं, वय वंदनाची वयोमर्यादा ६०. पैलतीर यांनी लिहिलेलं वयाच्या गुणोत्तराचं जोडणार आहे.

रानजाई, तुमच्या वडिलांचं उदाहरण नाव न घेता पत्रात घालू का? आणि रक्कम कमी करून मागितल्यावर कंपनी काय म्हणाली तेही कळवा. नाही म्हणाली तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहायचं. महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जायचं. मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. अर्ज मी लिहून देईन.

रानजाई

घाला. वडिलांना विचारलं, ते म्हणाले माझ्यासारखे खूप असतील, जरूर लिहा. रक्कम ५ लाखांवर आणायचा अर्ज आज पाठवते. पण एक घोळ आहे. पॉलिसीची मुदत संपून अठरा दिवस झालेत. संपलं का सगळं?

कृष्णाकाठ

नाही! वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलतीची मुदत असते. तेवढ्यात भरलंत तर आधीची सगळी वर्षं शाबूत राहतात, फक्त मधल्या दिवसांत काही झालं तर क्लेम मिळत नाही. म्हणून आजच भरा. रक्कम कमी करण्याचा निर्णय दोन दिवसांत होत नसेल तर आहे त्या रकमेचा हप्ता भावाकडून उसना घेऊन भरा, आणि कमी करायचं पुढच्या नूतनीकरणाला बघू. नवा कागद आला की पावतीवर थांबू नका. पॉलिसीच्या शेड्यूलवर पहिल्या सुरुवातीची तारीख जुनीच छापली आहे ना ते बघा. नवी तारीख दिसली तर त्याच दिवशी ईमेल करा आणि मला इथे कळवा.